साखरेवाचून गोडी
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेत मी चार शब्द बोलावेत असा अध्यक्षीणबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्याख्यान देणे हा काही माझा प्रांत नव्हे. परंतु स्वयंपाकघरातले अनुभव प्रत्येक गृहिणीच्या पदरी असतातच, आणि त्यांतला एखादा दुसरीच्या उपयोगी पडतो. तसा एक अनुभव मी आज आपणांपुढे ठेवणार आहे. विषय चहाचा आहे. पण ज्यात चहाची पत्ती नाही, साखरही नाही, आणि तरीही ज्याला पक्वान्नाचा वास येतो, अशा चहाचा!

आपल्याकडे गोडावाचून कोणतेही कार्य तडीस जात नाही. बारसे असो, मुंज असो, मुलाचा निकाल असो, आधी हातावर साखर. पण ज्याला गोड वर्ज्य झाले आहे, त्याचे काय, हा विचार आपण फारसा करीत नाही. आणि अशी माणसे आता थोडी राहिलेली नाहीत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साह्याने देशभर जी मोठी पाहणी झाली, तिचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या देशात मधुमेहाची सुमारे दहा कोटी माणसे असल्याचा अंदाज दिला आहे. म्हणजे आपल्या गल्लीतले एकही बिऱ्हाड यातून सुटले असेल असे वाटत नाही.

आमच्याच घरचे सांगते. माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. गेली अकरा वर्षे त्यांना मधुमेह आहे. पथ्य त्या निमूटपणे पाळतात. पण सणाच्या दिवशी पंगत बसली, वाढणारी श्रीखंडाचे पातेले घेऊन पुढे आली, की कोणीतरी मोठ्याने बोलतेच, "त्यांना नको हं, त्यांना साखर आहे!" बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते, काळजीच असते. पण चारचौघांत ते ऐकताना म्हाताऱ्या माणसाला काय वाटत असेल? सासूबाई खाली मान घालून वरणभात कालवीत राहायच्या. पुढे पुढे तर त्या पंगतीलाच बसेनाशा झाल्या. "तुमचे होऊ द्या, मी मागाहून बसते," असे म्हणून देवघरात जपमाळ घेऊन बसायच्या. जिने या घरात चाळीस वर्षे पुरणपोळ्या लाटल्या, तिनेच सणाच्या दिवशी एकटीने जेवावे, हे मला फार लागत असे.

अशात गेल्या दिवाळीला माझी भाची आली. ती नोकरीनिमित्त दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला असते. तिने सासूबाईंसाठी म्हणून एक डबा आणला. "मावशी, हा चहा गोड नाही, पण गोडासारखा लागतो. आजींना चालेल," असे ती म्हणाली. त्या चहाला तिकडे रॉयबॉस म्हणतात. म्हणजे तांबडे झुडूप. केपटाऊनच्या उत्तरेस सीडरबर्ग नावाचे डोंगर आहेत, त्या भागात हे झुडूप होते. त्याची सुईसारखी बारीक पाने कापून, चेचून ओलसर ढिगाने ठेवतात, की हिरवी असलेली ती पाने तांबूस होतात. मग उन्हात वाळवतात. आपला नेहमीचा चहा निराळ्या झाडाचा. त्यात झोप उडविणारे जे कॅफीन असते, ते या झुडपात मुळीच नसते. तेव्हा रात्री प्यायला तरी हरकत नाही. या झुडपाचा उपयोग प्रथम जाणला तो तिथल्या खोई व सान या मूळ रहिवाशांनी. आणि २०१९ साली झालेल्या करारान्वये या धंद्यातला थोडा वाटा त्यांना मिळू लागला. ज्याचे त्याला मिळाले, हे ऐकून मला बरे वाटले.

डब्यावर नाव होते 'क्रेम ब्रुले'. हे फ्रेंच लोकांचे पक्वान्न. साय आणि अंड्याचा पिवळा बलक यांचे दाटसर कस्टर्ड करतात आणि वर साखर पेरून ती जाळतात, म्हणजे तिची कडक पापडी होते. अंड्याचे नाव निघताच सासूबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. तेव्हा माझ्या मुलीने डब्यावरचा बारीक मजकूर वाचून दाखविला. त्यात अंडे नव्हते, दूध नव्हते, साखरही नव्हती. वाळलेली पाने आणि व्हॅनिला व जळक्या साखरेचा गंध एवढेच होते.

कढत पाण्यात पाच-सात मिनिटे पाने झाकून ठेवली. रंग सुरेख तांबडा आला, आणि वास असा सुटला की शेजारच्या काकूंनी "आज काय केक केलात?" म्हणून विचारले. मुलांनी घोट घेतला आणि म्हणाली, "आई, गोड आहे!" ह्यांचे मात्र दूध-साखरेवाचून जमेना. सासूबाईंनी दोन घोट घेतले आणि पेला खाली ठेवला. म्हणाल्या, "बेकरीचा वास येतोय खरा. पण गोड कुठे आहे?"

आता पाहा, चहा एकच, किटली एकच. नातवंडांना तो गोड लागला आणि आजीला लागला नाही. असे का व्हावे?

याचे उत्तर मुलीने शोधून काढले. तिने आम्हां सर्वांना नाक चिमटीत धरून तोच चहा प्यायला लावला. आणि काय सांगू, सगळी गोडी नाहीशी! नुसते कढत, किंचित तुरट पाणी. नाक सोडले की गोडी परत हजर. म्हणजे ती गोडी जिभेवर नव्हतीच, ती नाकात होती. आपल्याला पटत नसेल तर घरी व्हॅनिला इसेन्सचा एक थेंब जिभेवर ठेवून पाहा. चक्क कडू लागतो. पण आइस्क्रीम, केक, बिस्किटे यांत साखरेबरोबर तो वास नेहमी भेटत आल्यामुळे वास आला की मनाला वाटते गोड. ऑस्ट्रेलियातील काही संशोधकांनी १९९५ साली हेच दाखवून दिले. लोकांना अनोळखी असलेला वास साखरेच्या पाण्यातून त्यांना पुन्हा पुन्हा दिला. पुढे तो वास नुसता हुंगला तरी त्यांना पूर्वीपेक्षा गोड वाटू लागला.

म्हणजे वासाची गोडी ही ज्याच्या त्याच्या आठवणीतली असते. मुलांनी केक-आइस्क्रीम खाल्ले होते, त्यांना व्हॅनिला गोड लागला. सासूबाईंनी जन्मात क्रेम ब्रुले खाल्ले नाही. त्यांच्या नाकाला त्यात गोडाची ओळख कुठून पटावी? त्यांचे गोड म्हणजे बासुंदी, श्रीखंड, पुरण. आणि त्या गोडाचे वास कोणते? वेलची, जायफळ, केशर. हे सगळे तर माझ्या मिसळणाच्या डब्याशेजारीच होते!

दुसऱ्या दिवशी मी घरचा काढा केला. त्याची कृती लिहून घ्या. चार पेले पाण्यात गवती चहाची तीन पाती, सालीसकट ठेचलेल्या तीन वेलच्या, एक चमचा बडीशेप आणि दालचिनीचा अगदी लहान तुकडा घालून पाच मिनिटे उकळावे. मग खाली उतरवून चिमूटभर जायफळ किसून घालावे, असल्यास केशराच्या चार काड्या टाकाव्या, आणि पाच मिनिटे झाकण ठेवावे. झाकण विसरू नये, नाहीतर सारी गोडी वाफेबरोबर उडून जाते. केशर महाग आहे. त्यावाचून अडत नाही. जायफळ मात्र चिमटीपलीकडे घालू नये, ते अंगावर येते.

सासूबाईंनी एक घोट घेतला, थांबल्या, आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "सूनबाई, साखर घातलीस वाटतं यात? बरी आहेस ना?" मी सांगितले, एक कणसुद्धा नाही. त्यांचा विश्वास बसेना. शेवटी नाक धरून प्यायला सांगितले, तेव्हा पटले. आणि कित्येक दिवसांनी त्या खळखळून हसल्या.

यंदाच्या गुढीपाडव्याला आम्ही सगळ्यांसाठी श्रीखंड केले. सासूबाईंच्या पानाजवळ मी या काढ्याचा पेला ठेवला आणि तसाच एकेक पेला सगळ्यांच्या पानाजवळ ठेवला. मुलांना आधीच बजावून ठेवले होते की "त्यांना साखर आहे" हे वाक्य आज कोणी उच्चारायचे नाही. सासूबाई पहिल्या पंगतीला बसल्या. श्रीखंड आले तेव्हा त्यांनी आपणच हाताने 'नको' म्हटले आणि पेला उचलला. बस, इतकेच झाले. पण माझा सण त्या दिवशी साजरा झाला.

मैत्रिणींनो, येथे दोन-चार गोष्टी बजावून सांगितल्या पाहिजेत. पहिली ही, की असला चहा म्हणजे औषध नव्हे. तो पिऊन साखर उतरत नाही. साखरेच्या चहाने चढते तशी चढत नाही, एवढेच. डॉक्टरांची गोळी व पथ्य त्याच्या भरवशावर सोडू नये.

दुसरी ही, की बाजारातला डबा घ्याल तर मागचा बारीक मजकूर वाचल्यावाचून घेऊ नका. पक्वान्नाच्या स्वादाच्या काही डब्यांत टॉफीचे, चॉकलेटचे किंवा पाकवलेल्या फळांचे तुकडे असतात. म्हणजे साखर आलीच. 'वनस्पतीजन्य' एवढा शब्द पाहून भुलू नये. काही चहांत गोडीसाठी ज्येष्ठमध असतो. तो आपल्या ओळखीचा व घशाला चांगला हे खरे. पण रोज व पुष्कळ पोटात गेला तर रक्तदाब वाढवितो आणि अंगातले पोटॅशियम कमी करतो. ज्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा विकार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. गरोदर बायकांनीही कोणताही काढा विचारल्याशिवाय रोज घेऊ नये. बाजारात मिळणाऱ्या जाड सालीच्या दालचिनीत कूमारिन नावाचा पदार्थ असतो, तो फार झाल्यास यकृताला बाधतो. म्हणून तुकडा लहानच हवा.

तिसरी गोष्ट आपणां धडधाकट म्हणविणाऱ्यांसाठी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरून घातलेली साखर दिवसाकाठी सुमारे पंचवीस ग्रॅम, म्हणजे सहा लहान चमच्यांच्या आत असेल तर उत्तम. आता चैत्रातल्या हळदीकुंकवाचा हिशेब करा. पाच घरी गेलो, पाच घरी चहा झाला, दर कपात दोन चमचे. झाले दहा चमचे, चाळीस ग्रॅम! शिवाय बर्फी वेगळी. नको म्हणावे तर घरच्या बाईला राग येतो, घ्यावे तर अंगाला लागते.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. आपल्या प्रत्येक कार्यक्रमात, हळदीकुंकू असो की कोजागिरी, चहाच्या किटलीशेजारी बिनसाखरेच्या या काढ्याचीही एक किटली ठेवावी. जिला हवा तिने तो घ्यावा. कोणाला काय झाले आहे, हे कोणी विचारू नये आणि कोणाला सांगावे लागू नये. चार पेल्यांना काही फार खर्च येत नाही. गवती चहा तर आपल्यापैकी कितीतरी जणींच्या परसात किंवा कुंडीत आहे. तो आणण्याचे काम मी आनंदाने पत्करते.

पथ्य ज्याचे त्यालाच पाळावे लागते, ते दुसऱ्याला वाटून घेता येत नाही. पण पथ्यामुळे आलेला एकटेपणा मात्र आपण वाटून घेऊ शकतो.