कारखान्यातला माल सापडतो कसा?

मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात शेकडो डाय (साचे), जिग (काम पकडून ठेवणारी साधनं) आणि मालाचे ट्रे रोज इकडून तिकडे फिरत असतात. ऐनवेळी डाय सापडली नाही की मशीन थांबतं आणि कामगार ताटकळतात. त्यावर उपाय आहे आरएफआयडी, म्हणजे रेडिओ लहरींनी वस्तू ओळखण्याचं तंत्र. टोलनाक्यावरचा फास्टॅग याच तंत्रावर चालतो.

वस्तूवर एक छोटा टॅग लावतात. त्यात चिप आणि अँटेना असतो. साध्या टॅगला बॅटरी लागत नाही. टॅग वाचणाऱ्या यंत्राकडून, म्हणजे रीडरकडून, येणाऱ्या लहरींमधूनच त्याला ऊर्जा मिळते आणि तो आपला क्रमांक कळवतो. भारतात यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्याविना वापरता येतो. बारकोड समोर धरून एकेक वाचावा लागतो; इथे मात्र रीडर बसवलेल्या स्टोअरच्या दारातून ट्रॉली गेली की तिच्यावरच्या अनेक टॅगांची नोंद काही क्षणांत होते. कोणती डाय कुठे आहे, टॉर्क रेंचच्या (बोल्ट ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याच्या) कॅलिब्रेशनची, म्हणजे अचूकता तपासणीची, तारीख कोणती आहे, हे संगणकावर दिसतं.

एक पथ्य मात्र पाळायला हवं. धातू या लहरी परावर्तित करतो, तर पाणी त्या शोषून घेतं. म्हणून लोखंडी अवजारांवर धातूसाठीचे खास टॅगच लावावेत.

लघुउद्योजकांनो, सगळा कारखाना एकदम जोडू नका. जी वस्तू वारंवार शोधावी लागते, तिच्यापासून सुरुवात करा आणि अनुभव घेऊन पुढचं पाऊल टाका.