टाकलेल्या वस्तूचा धनी

घरांतून बाहेर टाकलेली वस्तु कोणाच्या मालकीची, हा प्रश्न वकिली डोक्याच्या माणसास करमणुकीचा वाटेल. पण पुण्यांतील हजारों स्त्रियांचें पोट त्यांत गुंतलेलें आहे. कागद, काच, पत्रा आणि प्लॅस्टिक वेचावें, निवडावें, भंगाराच्या दुकानीं विकावें आणि त्यावर घर चालवावें, हा त्यांचा व्यवसाय. त्यांतील बहुसंख्य दलित समाजांतील. कित्येक कुटुंबें 1972 च्या दुष्काळाच्या सुमारास मराठवाड्यांतून शहराकडे आलेलीं. शेतमजुरी सुटलेली, अक्षरओळख नाहीं, आणि घरकामास ठेवण्यापूर्वीं जात विचारणारीं घरें पुष्कळ. उरला तो उकिरडा. तेथें कोणी मालक नव्हता, एवढेंच त्याचें सुख.

परंतु जेथें मालक नाहीं तेथें संरक्षणहि नाहीं. पाठीवर पोतें टाकून पहांटे निघालेली बाई चोर ठरावयास वेळ लागत नसे. कुत्र्यांचा पाठलाग, फुटक्या काचेनें कापलेले हात आणि शेवटीं तराजूंतील खोट, हा तिचा नित्यक्रम.

1990 च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठांतील कार्यकर्त्या ह्या स्त्रियांना साक्षर करण्यास गेल्या. अक्षरांपेक्षां स्वच्छ कचऱ्याची निकड मोठी आहे, हें त्यांच्या लवकरच ध्यानांत आलें. ओला व सुका कचरा घरांतच निराळा ठेवला आणि तो दारांतून हातीं आला, तर उकिरडा उपसण्याचें कारणच राहात नाहीं. तीसेक स्त्रियांनीं तसें काम सुरू केलें. आणि थोड्याच आठवड्यांत एक व्यावसायिक गाडी घेऊन तेंच काम करण्यास पुढें आला! ज्या वस्तूस कोणी हात लावीत नव्हतें तिला किंमत आहे असें दिसतांच धनी उत्पन्न झाला. स्त्रियांनीं त्याविरुद्ध आवाज उठविला. पुढें 1993 मध्यें डॉ. बाबा आढाव ह्यांच्या पुढाकारानें ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. हें भिकेचें वा दयेचें काम नसून श्रम आहे, हा तिचा मुख्य दावा.

तो दावा हळूहळू मान्य होत गेला. 1995-96 मध्यें पुणें व पिंपरी-चिंचवड महापालिकांनीं पंचायतीच्या ओळखपत्रांस मान्यता दिली. 2002-03 मध्यें पुणें महापालिकेनें वैद्यकीय विम्याची सोय केली. 2008 मध्यें ह्याच कष्टकऱ्यांच्या ‘स्वच्छ’ ह्या सहकारी संस्थेशीं महापालिकेनें पांच वर्षांचा करार केला. दारोदार कचरा घ्यावा, घरटीं मासिक शुल्क मिळावें, आणि सुका कचरा विकून येणारा पैसा वेचणारीचाच असावा, अशी ही व्यवस्था. उकिरड्यावरील बाई दारापाशीं आली, ती हक्कानें.

तथापि प्लॅस्टिकनें नवाच पेंच निर्माण केला आहे. दुधाची पिशवी, पाण्याची बाटली, फुटकी बादली ह्यांना गिऱ्हाईक आहे. वेफर्सच्या चकचकीत पाकिटास मात्र नाहीं. त्यांत निरनिराळे थर एकमेकांस असे चिकटविलेले असतात कीं ते वेगळे करणें परवडत नाहीं. तें पाकीटहि तिनेंच उचलावयाचें, वाहावयाचें, आणि मोबदला शून्य. शिवाय खनिज तेल स्वस्त झालें कीं नवें प्लॅस्टिक स्वस्त होतें आणि भंगाराचा भाव उतरतो. दूरदेशींच्या बाजाराचा फटका असा पोत्यापर्यंत पोंचतो. 2016 च्या नियमांनीं वेचकांस सामावून घेण्यास स्थानिक संस्थांना सांगितलें, आणि प्लॅस्टिकच्या वेष्टनाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. ही जबाबदारी कागदोपत्रीं पुरी होण्यानें भागणार नाहीं. ज्या पाकिटास बाजारांत किंमत नाहीं, त्याच्या वजनावर उत्पादकानेंच वेचणारीस मजुरी द्यावी, हें न्यायाचें होय.

ऐकणाऱ्या गृहिणींचा भाग त्या मानानें अल्प आहे. दुधाची पिशवी विसळून वाळवावी, आणि कापतांना तिचा कोपरा तुटून वेगळा पडूं देऊं नये. तो चिमुकला तुकडा कोणाच्याच हातीं लागत नाहीं. फुटकी काच व वापरलेले सॅनिटरी पॅड कागदांत गुंडाळून वर तांबडी खूण करावी. आणि महिन्याचें शुल्क तारखेस द्यावें. दिवाळींत दिलेली जुनी साडी त्या रकमेंत धरूं नये.