दिवेलागण आणि खुराडं

नवी मुंबईतलं घणसोली गाव आणि शेजारी नियोजनाने वसवलेला घणसोली नोड यांच्यामध्ये रस्त्याचंच काय ते अंतर, पण कोंबडीच्या हिशोबाने ती दोन वेगळी जगं आहेत. नोडात कोंबडी चिकन सेंटरच्या पिंजऱ्यात दिसते. गावठाणात ती जिन्याखाली, मोरीशेजारी, पत्र्याच्या पडवीत, नाहीतर थेट गच्चीवर नांदते. १९७० साली सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या आणि ठाणे खाडीकाठची भातशेती नि मिठागरं बघता बघता गेली. आगरी-कोळी घरांच्या भिंती वर चढत गेल्या, परसदार आक्रसलं. कोंबडी मात्र तग धरून राहिली, कारण तिला सातबारा लागत नाही.

बदल झाला तो पिल्लांच्या बाबतीत. पूर्वी घरचीच कोंबडी खुडूक व्हायची, तिच्याखाली अंडी ठेवायची आणि २१ दिवसांनी पिल्लं निघायची. पुढचं सगळं तिच्याकडे. आता वनराज, गिरिराज, कावेरी अशा सुधारित जातींची पिल्लं खोक्यातून घरी येतात. तीही २१ दिवसांनीच निघालेली, फक्त यंत्रात उबवलेली. अंडी जास्त मिळतात, हा फायदा खराच. पण खोक्यात आई नसते, आणि महिना-दीड महिन्याने ती उणीव दिवेलागणीच्या वेळी जाणवते. नवं खुराडं तयार, दार उघडं, आत तूस अंथरलेलं. आणि पिल्लं बाहेर भिंतीच्या कोपऱ्यात एकमेकांना खेटून उभी. मग सगळ्या घराची पळापळ. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोच खेळ. ‘हट्टी जात आहे’ असा आळ पिल्लांवर येतो, आणि तो साफ खोटा आहे.

श्रोतेहो, कोंबडीचा मूळ पुरुष म्हणजे आग्नेय आशियातला लाल रानकोंबडा. दिवसभर जमीन उकरायची आणि रात्री झाडावर चढायचं, हा त्याचा नेम. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनाने असं मांडलं, की माणूस भात आणि भरड धान्यं पिकवू लागला तेव्हा सांडलेल्या दाण्यांच्या ओढीने हा पक्षी वस्तीजवळ आला. म्हणजे भातखाचराशी कोंबडीचं नातं घणसोलीपेक्षा कितीतरी जुनं. भात गेला तरी उंच जागी झोपण्याची ओढ तिच्या अंगातून गेलेली नाही. कोकणात आजही संध्याकाळी फणसाच्या फांदीवर कोंबड्या चढलेल्या दिसतात, त्या उगाच नव्हे.

ओढ जन्मजात, पण कौशल्य शिकावं लागतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही पिल्लांना पहिल्या दिवसापासून बसायला दांड्या दिल्या, काहींना आठ आठवड्यांनंतर. सोळाव्या आठवड्यात चाऱ्याकडे उडी मारायला लावली. ४० सेंटिमीटरला सगळी सारखीच. फळी जसजशी उंच आणि वाट अवघड होत गेली, तसतशी उशिरा दांडी पाहिलेली मागे पडली. खुडूक कोंबडी हेच शिक्षण फुकट देते. पिल्लं पाच-सहा आठवड्यांची होईपर्यंत ती त्यांना पंखाखाली घेते, मग एका संध्याकाळी स्वतः दांडीवर चढून बसते, आणि खाली चिवचिवणारी पिल्लं धडपडत, पडत, पुन्हा उड्या मारत तिच्यापर्यंत पोहोचतात.

यंत्रातल्या पिल्लाची आई म्हणजे बल्ब. पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश ऊब, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. सहाव्या आठवड्यापर्यंत पिसं भरतात आणि बल्बची गरज संपते. खाडीकाठच्या मे महिन्यात तर त्याच्या कितीतरी आधी. पण ऊब सुटली तरी उजेडाचं वेड सुटत नाही. त्यात कोंबडीचा डोळा दिवसासाठी घडलेला. रंग तिला माणसापेक्षा जास्त दिसतात, अंधारात मात्र ती जवळजवळ आंधळी. तिन्हीसांजेला खुराड्याचं दार तिला काळं भोक दिसतं, आणि गल्लीतल्या एलईडी दिव्याखाली भिंत लख्ख. पिल्लू जातं ते उजेडाकडे. शहाणंच म्हणायचं त्याला.

उपाय यातूनच निघतो. नवी पिल्लं पहिले पाच-सात दिवस खुराड्यातच ठेवायची. दाणा तिथेच, पाणी तिथेच, झोप तिथेच. घर कुठलं, हे पोटाला कळलं की पायांना कळतं. त्यानंतर सोडायचं तेही सकाळी नव्हे, मावळतीच्या तासभर आधी आणि थोडं उपाशी. भांड्यात दाणे खुळखुळवले की पोरं परत येतात. अंधारून यायच्या वेळी आत एक मंद बल्ब लावायचा, अंगणातला दिवा मालवायचा. सगळी आत गेली की आतलाही मालवायचा. गल्लीतला दिवा पालिकेचा असेल तर त्या बाजूला गोणपाट लावण्यावाचून गत्यंतर नाही.

चुकार राहतातच. त्यांच्यामागे धावू नये. अंधार पडला की ती आपोआप मवाळ होतात, दोन्ही हातांनी उचलता येतात. उचललेलं पिल्लू जमिनीवर ठेवायचं नाही, दांडीवर टेकवायचं. दांडी त्याच्या पायांच्या पुढे, छातीच्या किंचित खाली लागली की ते स्वतःहून एक पाऊल वर टाकतं. बोटं आवळतं, डगमगतं, मान आत घेतं. हा क्षण चुकवला आणि त्याला तुसावर सोडलं, तर पोरं कोपऱ्यात ढिगाने झोपतात, आणि ढिगातलं खालचं पिल्लू कधी कधी सकाळी उठत नाही. म्हणून खुराड्याचे कोपरे पुठ्ठा लावून गोल करतात.

दांडीबद्दल थोडं. पहिली दांडी वीतभर उंचीवर पुरे, वरची नंतर. चार-पाच सेंटिमीटर रुंद, कडा घासलेल्या. बांबू गुळगुळीत असतो, त्यावर पाय सरकतात. युरोपातला अंड्यांच्या कोंबड्यांचा कायदा प्रत्येकीला किमान १५ सेंटिमीटर दांडी द्या म्हणतो, परसदारी त्याहून सढळ हात ठेवायला हरकत नाही. आणि अंडी घालायचं खोकं दांडीपेक्षा उंच नको. कोंबडी सगळ्यात उंच जागा धरते. खोकं उंच असेल तर ती खोक्यात झोपेल आणि रोज सकाळी अंड्यांना विष्ठा लागेल.

एवढं करूनही, रोज आत जाणाऱ्या तलंगा, म्हणजे वाढत्या वयाच्या कोंबड्या, एकाएकी बाहेर थांबू लागल्या, तर खोड त्यांची नव्हे, खुराड्याची. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याचं खुराडं संध्याकाळीही भट्टीसारखं असतं. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. वरच्या बाजूला जाळीची खिडकी आणि पत्र्यावर झावळ्या, यातच बरंच काम होतं. दुसरं, रक्त पिणारे बारीक लाल किडे. ते दिवसा दांडीच्या फटीत लपतात आणि रात्री अंगावर चढतात. टॉर्च घेऊन रात्री दांडीच्या खालून बोट फिरवावं. बोटाला लाल लागलं तर उत्तर मिळालं. तिसरं, कोणी तरी येऊन गेलेलं असतं. मुंगूस, घूस, धामण गावात आहेतच आणि खाडीकाठच्या कांदळवनांत कोल्हेही आहेत. कोंबडीची म्हणून विकतात ती पातळ षटकोनी जाळी कोंबडीला अडवते, मुंगसाला नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी महाग पडते, पण तिथे काटकसर म्हणजे शुद्ध मूर्खपणा. पावसाळ्यात त्यावर मच्छरदाणीचं कापड लावलं तर आणखी बरं, कारण कोंबड्यांची देवी डासांमुळे पसरते.

गावठाणात भिंतीला भिंत लागलेली असल्याने शेजाऱ्यांचाही प्रश्न येतो. कोंबडं झाकलं तर आरवणार नाही, असं अजूनही सुचवलं जातं. ‘कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही’ ही म्हण आहेच, आणि आरवायचंही राहत नाही. २०१३ साली जपानी संशोधकांनी मंद उजेडात कोंडलेल्या कोंबड्यांवर प्रयोग करून दाखवलं, की आरवणं शरीराच्या आतल्या घड्याळावर चालतं. गोणपाटाने आवाज थोडा दबतो, वेळ बदलत नाही. दाटीच्या गल्लीत नर एकच ठेवावा किंवा ठेवूच नये. अंड्यांसाठी त्याची गरज नसते.

घरात जुन्या कोंबड्या असतील तर प्रकरण नाजूक होतं. त्यांच्यात चोचीची उतरंड असते. नॉर्वेच्या शेल्डेरुप-एब्बे यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला ती प्रथम नोंदवली, पण कोंबड्या पाळणाऱ्या आगरी बाईला ती त्याआधीच माहीत असणार. पिल्लं अंगाने मोठ्यांच्या जवळपास येईपर्यंत, म्हणजे तीन-साडेतीन महिने, मध्ये जाळी हवी. एकमेकींना दिसाव्यात, चोच लागू नये. मग एका रात्री, सगळ्या झोपल्यावर, नव्यांना जुन्यांच्या दांडीच्या टोकाला बसवायचं. सकाळी उठल्यावर थोडी टोचाटोची होतेच. रक्त दिसलं तरच मध्ये पडायचं, आणि त्या दिवशी दाण्याची भांडी एकाऐवजी दोन, तीही एकमेकांपासून लांब ठेवायची.