किलोमीटरला दहा रुपये

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'सायकल आणि सबलीकरण' असा विषय छापला आहे. तो मी दिलेला नाही. मला बोलायचंय पैशांबद्दल. हुंडा, मारहाण, पोटगी यांवर आपण तासन्‌तास बोलतो. पण सल्लाकेंद्राचं भाडं कुठून येतं असं कोणी विचारलं की सगळ्याजणी खजिनदारबाईंकडे बघायला लागतात.

ते भाडं आणि दोघी समुपदेशकांचं मानधन एका मोठ्या संस्थेकडून यायचं. ती संस्था परदेशी देणगी घ्यायची आणि आपल्यासारख्या लहान गटांना वाटून द्यायची. सप्टेंबर २०२० मध्ये विदेशी अंशदान कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशी देणगी पुढे दुसऱ्या संस्थेला द्यायला बंदी आली. त्याच दुरुस्तीत प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली गेली. आपला नळ बंद झाला. तोही करोनाच्या काळात, जेव्हा आपला फोन दिवसभर वाजत होता.

मग आपण कंपन्यांकडे गेलो. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, हे तुम्हाला माहीत आहेच. पण त्यांना द्यायची असतात शिवणयंत्रं, पाण्याच्या टाक्या. त्यांचा फोटो निघतो. समुपदेशक बाई तीन तास एकीचं म्हणणं ऐकून घेते, त्याचा फोटो निघत नाही. निघूही नये.

अशा वेळी एका सायकल क्लबचा निरोप आला. पुणे ते पणजी, पाच दिवस, साधारण साडेचारशे किलोमीटर. प्रत्येकाने ओळखीपाळखीच्या लोकांकडून किलोमीटरमागे काही रक्कम कबूल करून घ्यायची आणि ती आपल्या आवडीच्या कामाला द्यायची. शिवाय एक कंपनी मुख्य प्रायोजक. ती आपल्या केंद्राला वर्षभराचा एका समुपदेशकाचा खर्च देणार. अट एकच, संघटनेतर्फे कोणीतरी पूर्ण अंतर सायकल चालवायची. कार्यकारिणीच्या बैठकीत सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुण्यात वाढले. शाळेत असताना तासाच्या भाड्याने सायकल आणून, मधल्या दांडीखालून पाय घालून हाफ पेडल मारत शिकले. एवढीच माझी पात्रता. वय चोपन्न, गुडघे कुरकुरणारे. माझे दर मी ठरवले : किलोमीटरला दहा रुपये. ज्यांना परवडत नाही त्यांनी एक रुपया द्यायचा.

तयारीच्या तीन महिन्यांबद्दल फार सांगत नाही. पहाटे पाचला निघायचं, तर डबा कोण करणार, हा प्रश्न आमच्याही घरी आला. तीस वर्षं स्त्रीमुक्तीचं काम करणाऱ्या बाईच्या घरी आला. नवऱ्याने डबा केला, पण पहिले पंधरा दिवस तो शेजारपाजारच्यांना कौतुकाने सांगत होता. मी तीस वर्षं केला, तो कोणाला सांगितला नाही.

३ जानेवारी २०२३ला निघालो. चाळीस जण, त्यांत आम्ही सात बायका. दिवस सावित्रीबाईंच्या जयंतीचा, आणि रस्ता शिरवळ-खंडाळ्यावरून, म्हणजे त्यांचं जन्मगाव नायगाव महामार्गापासून थोडंसंच आत. मी सुचवलं की जाऊन येऊ. वेळापत्रकात बसत नाही असं उत्तर मिळालं. वेळापत्रक कंपनीच्या माणसाने केलं होतं, आणि त्यात टोपीवाटप बसलं होतं.

खंबाटकीचा घाट मी अर्धा चढवला, अर्धा ढकलला. ढकलण्यात मला लाज वाटली नाही. लाज वाटली ती दुसऱ्या गोष्टीची, आणि ती इथे सांगणार आहे, कारण आपण सांगायची नाही तर कोणी? पुरुष रस्त्याच्या कडेला उभे राहायचे आणि मोकळे व्हायचे. आम्ही सातजणी पेट्रोल पंप शोधायचो. पंप आला की कुठे संडासाला कुलूप, कुठे पाणी नाही. म्हणून आम्ही पाणी प्यायचंच कमी केलं आणि दुपारपर्यंत दोघींचं डोकं दुखायला लागलं. २०११ साली मुंबईत 'राइट टू पी'ची मोहीम सुरू झाली तेव्हा मी तिच्याविषयी याच अंकांतून लिहिलं होतं. लिहिणं वेगळं आणि ऐंशी किलोमीटर मूत्राशय आवळून पेडल मारणं वेगळं. सीटचंही तेच. बहुतेक सायकलींना येणारी अरुंद सीट आमच्या बसायच्या हाडांना पुरत नाही. संध्याकाळी साताऱ्यात आम्ही एकमेकींना मलम लावलं आणि पोट धरून हसलो.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट मात्र नीट सांगते. सातारा ते कोल्हापूर सव्वाशेच्या आसपास किलोमीटर, आणि हंगाम ऊसतोडीचा. उंब्रज आणि कऱ्हाडच्या मध्ये माझी सायकल पंक्चर झाली. मदतीची गाडी मागे होती. सेवा रस्त्याच्या कडेला फड चालू होता, ट्रॅक्टरची ट्रॉली भरत होती. बायका डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढत होत्या. एकजण पाणी प्यायला माझ्याजवळ येऊन टेकली. बीडकडची होती. वय विचारलं तर म्हणाली, "असंल तिसेक."

"कुठं चाललात ताई?"

म्हटलं, गोव्याला.

"सायकलवर? एस्टी नाही का?"

मी समजावून सांगितलं. बायकांच्या केंद्रासाठी पैसे जमवतोय, किलोमीटरमागे लोक पैसे देतात. तिने थोडा विचार केला.

"म्हंजी निस्तं चालवायचं? माल नाही वाहायचा?"

"नाही."

"अन् पैसे देतेत?" ती हसली. मग मोळीकडे बोट करून म्हणाली, "आमचं टनावर हाये. पर ते मालकाच्या हातात. उचल त्यांनीच घेतलीया."

तुमच्यापैकी मराठवाड्यातल्या जणींना हे नवीन नाही. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल पुरुष घेतो, हिशेब पुरुषाशी होतो. एक दिवस पडून राहिलं तर खाडा, त्याचे पैसे कापले जातात. तिच्या हातात येतात ते वाढे विकून मिळालेले, तेवढेच. पाळीतही मोळी उचलायची, बाळंतपणानंतर लगेच उचलायची. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. मी तिला त्याबद्दल विचारलं नाही. पाणी प्यायला आलेल्या बाईला ते विचारायचं नसतं.

गाडी आली, पंक्चर निघालं, मी निघाले. पण पुढचे तीन दिवस तिचा प्रश्न माझ्या मागच्या चाकाला बांधलेला होता. माझ्या श्रमाला पैसे का मिळतात? कारण ते मी हौसेने करते. हेच श्रम पोटासाठी केले असते तर कोणी टाळी वाजवली नसती. माझ्या पाठीवर कंपनीचं नाव होतं, तिच्या पाठीवर कोणाचंच नव्हतं. साखर आपण सगळ्याच खातो.

निपाणी, उत्तूर, आजरा. हा रस्ता सुंदर आहे, एवढंच म्हणते. आंबोली उतरताना ब्रेक दाबून दाबून बोटं बधिर झाली, सावंतवाडीला चहाचा कप धरवेना.

पाचव्या दिवशी पणजीत समारंभ होता. आदल्या रात्री कंपनीच्या अधिकाऱ्यांचा फोन आला. बोलणं अतिशय सभ्य. केंद्रातून मदत मिळालेल्या दोन-तीन 'पीडित भगिनींना' त्यांनी गाडी पाठवून बोलावून घ्यायचं ठरवलं होतं. त्यांनी व्यासपीठावर धनादेश स्वीकारावा, दोन शब्द बोलावेत. चेहरा झाकला तरी चालेल, म्हणाले. ही अट आधी नव्हती. मी म्हटलं, आमच्याकडे येणाऱ्या बाईला आम्ही पहिल्या दिवशी सांगतो की तुझं नाव, तुझी गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही. ते म्हणाले, "मॅडम, लोकांना भावनिक जोड लागते." मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी धनादेश दुसऱ्या संस्थेला मिळाला. मला टोपी आणि पदक.

परत आल्यावर इथे काय झालं ते बऱ्याचजणींना माहीत आहे, पण उघडपणे बोललो नाही. एक मैत्रीण मला म्हणाली, "तुझ्या तत्त्वापायी एका समुपदेशकाचं वर्ष गेलं. एखाद्या बाईला विचारून तरी बघायचंस. कदाचित ती स्वतःहून आली असती." तिचं हे बोलणं मला लागलं, कारण त्यात तथ्य आहे. मी कोणालाच विचारलं नाही. बायकांच्या वतीने मीच ठरवलं, आणि ते तर आपण इतरांना करू देत नाही. अट मान्य केली असती असं मला अजूनही वाटत नाही. पण रात्री अकराला एकटीने निर्णय घेण्याऐवजी चार फोन करायला हवे होते. केंद्राचं भाडं निघालं ते किलोमीटरला एक रुपया देणाऱ्यांच्या जिवावर. त्या यादीत घरकाम करणाऱ्या बायकांच्या गटाची नावं जास्त आहेत. दुसऱ्या समुपदेशकाचं मानधन चार महिने थांबलं, हेही नोंदलं गेलं पाहिजे.

आता सायकलीबद्दल थोडं, नाहीतर विषय छापणारीला वाईट वाटेल. तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ पासून साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवली गेली. तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ती कल्पना उचलून धरली, बँकांनी सायकलीसाठी बायकांना कर्ज दिलं. लाखाहून अधिक बायका शिकल्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलंय. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा बायकांनी पुरुषी सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण मधल्या दांडीवर मूल बसवता येतं. तिथे कोणी किलोमीटरला पैसे दिले नाहीत. बायका बाजारात गेल्या, खाणीवर कामाला गेल्या, पाणी आणलं.

त्याच क्लबने पुढच्या जानेवारीसाठी पुन्हा विचारलं आहे. दुपारच्या सत्रात ठराव येणार आहे. मी लिहून आणलेल्या अटी अशा : केंद्रात आलेल्या कोणाही बाईचा चेहरा किंवा कहाणी मागायची नाही, पैशाची बोलणी आधी कागदावर आणि दोघींनी मिळून करायची, आणि रस्ता ठरवताना बायका किती अंतरावर थांबू शकतील हे आधी बघायचं. यात भर घाला, खोडा. जायचंच नाही असंही ठरवू शकता. माझी सायकल कार्यालयाच्या जिन्याखाली आहे, कुलपाची किल्ली खजिनदारबाईंकडे. घरकामगार गटातल्या दोघी रविवारी सकाळी शिकायला येतात. तिसरी यायची म्हणते, पण आणखी एक सायकल लागेल. कोणाच्या घरी पडून असेल तर जेवणाच्या सुट्टीत मला भेटा.