थंड मुलखाची तयारी



मी सातवी शिकलेली. बोलण्यात उणे-अधिक झाल्यास गोड मानून घ्यावे.

यांची बदली लेहला झाली आहे. “त्यांना एकट्यांना जाऊ द्या, तुम्ही नागपुरातच राहा,” असे पुष्कळ जणींनी मायेने सुचविले. पण मला पहिल्यापासून थंडीच मानवते. येथे पारा ४५ अंशांवर गेला की माझा जीव कासावीस होतो. शिवाय एक संसार दोन ठिकाणी मांडण्यात सुख नाही.

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. हवा विरळ, म्हणून पहिले दोन दिवस नुसती विश्रांती घ्यावयाची. तेथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही. म्हणून कुकर आणि त्याच्या दोन जादा रिंगा बांधून घेतल्या. हिवाळ्यात ताजी भाजी कमी, तेव्हा मेथी-गवार वाळविली, सांडगे घातले. सुती कपडा घाम धरून ठेवतो, म्हणून अंगालगत लोकरीचे कपडे घेतले.

थंडीची ही तयारी झाली. पण सासूबाईंना एवढी उंची सोसणार नाही. त्या येथेच धाकट्या भाऊजींकडे राहतील. भगिनींनो, जाता-येता त्यांच्यापाशी घटकाभर बसत जा, एवढेच माझे मागणे आहे.