मूळ कारण : ऑपरेटर



अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. समोर माझ्याहून जाणकार मंडळी बसली आहेत, असे अशा प्रसंगी म्हणायची रीत आहे. ती पाळली असे समजा. संयोजकांनी व्यवस्था चोख ठेवली आणि पहिले सत्र वेळेवर सुरू केले. वेळापत्रकाच्या शास्त्रावर बोलणाऱ्यांच्या परिषदेत हे अपूर्वच म्हणायचे.

कार्यवाहांच्या पत्रात माझा विषय ‘उत्पादन आणि गुणवत्ता व्यवस्थापनातील प्रमुख संकल्पना : एक आढावा’ असा छापला आहे. आढावा घेतो, पण पटकन उरकतो. मला बोलायचे आहे ते वेगळेच, आणि पुन्हा असे व्यासपीठ मिळण्याचे माझे वय राहिलेले नाही.

तर, आढावा. आपल्या शास्त्राची सुरुवात १९२४ सालापासून धरतात. त्या वर्षी १६ मे रोजी अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकमधल्या वॉल्टर श्यूहार्ट यांनी आपल्या साहेबांना पानभर टिपण दिले. त्यात कंट्रोल चार्टची पहिली आकृती होती. त्याच वर्षी जपानात साकिची टोयोडा यांचा स्वयंचलित माग तयार झाला. धागा तुटला की माग आपोआप थांबे, खराब कापड पुढे विणलेच जात नसे. इचलकरंजीच्या मंडळींना याचे मोल मी सांगायला नको. पुढे १९५० मध्ये डेमिंग जपानला गेले, १९५४ मध्ये ज्युरान गेले. १९६२ पासून इशिकावांच्या पुढाकाराने क्वालिटी सर्कल सुरू झाली, ताइची ओनो यांनी टोयोटाची उत्पादनपद्धती उभी केली. मोटोरोलाचा सिक्स सिग्मा १९८६ चा, आयएसओ ९००० हे मानक १९८७ चे. आणि आपण काही उशिरा जागे झालो नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून खुद्द श्यूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात येऊन गेले, म्हणजे डेमिंग यांची जपानमधली ती गाजलेली व्याख्याने व्हायच्या आधी. पुण्याला विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभा केला तो कोल्हापूरच्या वसंतराव हुजूरबाजारांनी. १९९८ साली चेन्नईच्या सुंदरम-क्लेटनने डेमिंग पारितोषिकही आणले. तेव्हा ज्ञान आमच्यापर्यंत पोहोचले नव्हते, ही सबब आपल्याला नाही.

झाला आढावा. आता माझे गाऱ्हाणे.

ग्राहकाची तक्रार आली की आपण एक फॉर्म भरतो. कोणी त्याला एट-डी म्हणतो, कोणी कॅपा म्हणतो. त्यात एक चौकट असते, ‘मूळ कारण’. माझे सगळे आयुष्य या चौकटी वाचण्यात गेले. फाउंड्रीच्या वाचल्या, मशीन शॉपच्या वाचल्या, प्लेटिंगच्या वाचल्या. कारखाना कोणताही असो, अक्षर कोणाचेही असो, मजकूर ठरलेला. ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा.’ शेजारच्या चौकटीत उपाय : ‘संबंधितास समज दिली. प्रशिक्षण दिले.’ पुरावा म्हणून सह्यांचा हजेरीपट जोडलेला. पाच वेळा ‘का’ विचारा असे जपान्यांनी शिकवले. आमच्याकडे पहिल्याच ‘का’ला माणूस हाती लागतो आणि उरलेले चार ‘का’ त्याच्याच पाठीवर बसतात. जॉब उलटा का लागला? लक्ष नव्हते. लक्ष का नव्हते? बोलत होता. का बोलत होता? सुपरवायझर जागेवर नव्हता. आणि सुपरवायझर का नव्हता, हे विचारायच्या आत फॉर्म ग्राहकाला मेल झालेला असतो.

श्यूहार्ट यांनी शंभर वर्षांपूर्वी सांगितले की फरक दोन जातींचा असतो. एक नेहमीचा, यंत्रणेतच मुरलेला. दुसरा एखाद्या खास कारणाने अचानक येणारा. दुसऱ्याचा माग मशीनवरचा माणूस काढू शकतो. पहिला त्याच्या हातात नसतो. तो मशीन कोणते घेतले, माल कोणाचा घेतला, फिक्स्चर किती झिजू दिले, यातून येतो आणि ते निर्णय वर होतात. डेमिंग यांनी म्हातारपणी हिशेब मांडला की शंभरातले चौऱ्याण्णव प्रश्न यंत्रणेचे, म्हणजे व्यवस्थापनाच्या जबाबदारीचे. हा आकडा त्यांच्या अनुभवातला आहे, मोजमापातला नाही, हे मला ठाऊक आहे. तो चौऱ्याण्णव आहे की ऐंशी, यावर काल दोन तरुण प्राध्यापक हमरीतुमरीवर आले होते. त्यांच्यासाठी एक हकिगत सांगतो.

आमच्या भागातली एक फाउंड्री. नाव सांगत नाही. कास्टिंगमध्ये ब्लोहोल येऊ लागले आणि तेही शिफ्टच्या दुसऱ्या अर्ध्यात. अहवाल तयार होता : मोल्डरने वाळूत पाणी जास्त घातले. दोघा मोल्डरांना मेमो मिळाले होते. मी लाइनवर जाऊन उभा राहिलो. तिथला जुना मिस्त्री वाळूची मूठ आवळून माझ्यापुढे धरून म्हणाला, “साहेब, वाळू तापून यायलीया. हाताला चटका बसतोय बघा.” थर्मामीटर मागवला. परत येणारी वाळू पन्नास अंशांच्या खाली असायला हवी, ती साठाच्या वर होती. तापलेली वाळू पाणी धरत नाही. मिक्सरपाशी नमुना घेतला तर आर्द्रता बरोबर भरते, लाइनवर पोहोचेपर्यंत वाळू कोरडी पडते, वाफ थंड पॅटर्नवर आणि कोअरवर जमते. मोल्डर बिचारा हाताला लागेल त्याप्रमाणे पाणी शिंपडतो. मग वाळू तापली का? आदल्या वर्षी नवी भट्टी बसली होती. टनेज वाढले, पण सँड प्लांट जुनाच राहिला. वाळूला निवायला वेळच उरला नाही. नव्या भट्टीच्या मूळ प्रस्तावात सँड कूलर होता. खर्च वाचवायला तो वगळला होता. वगळल्याची नोंद संचालकांच्या बैठकीच्या इतिवृत्तात व्यवस्थित होती. त्या इतिवृत्ताखाली कोणाला समज दिल्याची नोंद मात्र मला दिसली नाही.

चौऱ्याण्णव की ऐंशी, ते प्राध्यापकांनी आता ठरवावे.

दुसरी गोष्ट मशीन शॉपची. बोअर फिनिश करणारे सीएनसी मशीन. भिंतीवर व्यवस्थापकांच्या सहीची सूचना : प्रत्येक पीस मोजावा आणि फरक असेल तेवढा ऑफसेट लगेच द्यावा. ऐकायला किती जागरूक वाटते! पोरगा इमानाने तसे करत होता. पाच मायक्रॉन वर गेला की पाच खाली, चार खाली गेला की चार वर. आणि रिजेक्शन हटत नव्हते. मी त्याला म्हटले, एक शिफ्ट हात लावू नकोस, नुसते मोजून लिही. तो घाबरला, सूचनेवर साहेबांची सही होती. अखेर मी रजिस्टरमध्ये माझी सही केली, तेव्हा त्याने हात काढला. फैलाव कमी झाला. ही काही जादू नव्हे. प्रक्रिया आपल्या जागी स्थिर असताना प्रत्येक फरकाची पुरेपूर भरपाई करत बसले, तर व्हेरियन्स दुप्पट होतो आणि फैलाव सुमारे १.४ पट. डेमिंग हे नरसाळ्यातून गोटी टाकून दाखवत. पण त्या पोराच्या फाइलला काय लागले होते? ‘ऑफसेट देण्यात हयगय.’

आणि भीती काय करते तेही ऐका. एका कारखान्यात मला कंट्रोल चार्ट कौतुकाने दाखवले गेले. ग्राहकाचा ऑडिटर खूश होऊन गेला होता. सगळे बिंदू मधल्या रेषेला बिलगून, एकही इकडे नाही, तिकडे नाही. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांना नियम पाठ असेल : सलग पंधरा बिंदू एक सिग्माच्या आत आले तर तोही धोक्याचा इशारा धरावा, कारण खरी प्रक्रिया इतकी शहाण्यासारखी वागत नाही. ते चार्ट शिफ्ट संपताना, बस सुटायच्या आधी दहा मिनिटांत एका बसणीत भरले जात होते. ज्याने मर्यादेबाहेरचे रीडिंग लिहिले, त्याला थांबवून खुलासा मागितला जाई. ज्याने मर्यादेतले लिहिले, त्याला बस मिळे. त्याच्या जागी तुम्ही असता तर काय लिहिले असते? डेमिंग यांच्या चौदा मुद्द्यांतला आठवा मुद्दा भीती घालवा असा आहे. तो आपल्या कारखान्यांच्या भिंतींवर छापील मिळतो, बहुधा दंडाच्या तक्त्याशेजारी.

जपानची सहल करून आलेल्या एका मालकांनी लाइनवर दोरी आणि लाल दिवा बसवला. टोयोटात दोरी ओढली की टीम लीडर धावत येतो आणि अडचण काय म्हणून विचारतो. तेवढ्यात सुटली नाही तर लाइन थांबते. इथे दिवा लागला की व्यवस्थापक यायचे आणि विचारायचे, “कोणी ओढली?” काही आठवड्यांत दिवा लागणे बंद झाले. वार्षिक अहवालात त्याची नोंद ‘लाइन थांबण्याच्या प्रमाणात लक्षणीय घट’ अशी झाली.

आज सकाळच्या सत्रात कॅमेऱ्याने तपासणी चांगली की माणसाच्या डोळ्याने, यावर कडाक्याचा वाद झाला. माझ्या मते भांडण चुकीच्या जागी आहे. कॅमेरा जरूर बसवा, तो थकत नाही. पण मी पाहिलेल्या एका लाइनवर कॅमेरा बसल्यावर खराब पीस जास्त सापडू लागले, म्हणून कॅमेऱ्याची संवेदनक्षमता कमी करून घेतली. म्हणजे माणसाला समज देता येते तशी यंत्रालाही दिली. लीन मोठे की सिक्स सिग्मा, या कालच्या परिसंवादाबद्दल एवढेच सांगतो, की दोन्हींचे बिल्ले छातीवर लावलेल्या माणसांनी भरलेल्या ‘मूळ कारण’ चौकटी मी वाचल्या आहेत. मजकुरात फरक नव्हता.

कोणी म्हणेल, अध्यक्ष महाराज, मग कामगार चुकतच नाही का? चुकतो. माणूस विसरतो. शिगेओ शिंगो यांना १९६१ मध्ये यामादा इलेक्ट्रिकमध्ये नेमका हाच प्रश्न भेटला. छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंग बसवायच्या, कधी एखादी राहून जायची. साहेब लोक ‘लक्ष द्या’ म्हणून ओरडून थकले होते. शिंगो यांनी एक बशी दिली. आधी डब्यातून दोन स्प्रिंग बशीत काढायच्या, मग बसवायच्या. बशीत एक उरली तर विसर पडला हे ज्याचे त्याला तिथल्या तिथे कळते. एका बशीने जे झाले, ते आमच्याकडे वर्षानुवर्षांच्या हजेरीपटांनी झालेले नाही.

आता तर समज द्यायलाही माणूस उरत नाही. पूर्वी मिस्त्री असत. भट्टीचा रंग बघून तापमान सांगत, कटिंगचा आवाज बदलला की टूल बदलत. त्यांच्याशी आमची भांडणे होत, पण त्यांना बोलायची जागा होती. आज लाइनवर कंत्राटी किंवा ट्रेनी म्हणून आलेला विशीतला मुलगा असतो. सातव्या महिन्यात त्याला ब्रेक मिळतो आणि नवा मुलगा येतो. ‘प्रशिक्षण दिले’ असे आपण ग्राहकाला कळवतो, तेव्हा ज्याला दिले तो गावी जाऊन बसलेला असतो. त्या मिस्त्रीसारखे वाळूची मूठ पुढे धरायला त्याला कोणी शिकवलेले नाही. शिकवायचे कोणी? मिस्त्री रिटायर झाले, आणि त्यांना जे ठाऊक होते ते कागदावर उतरवून घ्यावे असे आम्हाला सुचले नाही. कारण कागद सगळे ऑडिटसाठी लागत होते.

कार्यवाहांनी आठवण केली आहे की अध्यक्षांनी पुढील कार्याची दिशा द्यायची असते. देतो. परिषदेने एक छोटी समिती नेमावी. तिने निरनिराळ्या कारखान्यांतली, नावे गाळून, अशी प्रकरणे गोळा करावीत, जिथे माणसावर ठपका ठेवला होता आणि कारण दुसरेच निघाले. शॉपफ्लोअरवर वाचता येईल अशी मराठी पुस्तिका काढावी. जुन्या मिस्त्रींच्या मुलाखतीही घ्याव्यात, जमेल तितक्या. पैसे, मुदत, सदस्य यांचे कार्यकारिणी बघेल. मला त्यातले कळत नाही आणि समित्यांचा मला फारसा भरवसाही नाही.

म्हणून समितीची वाट न पाहता करता येईल असे एक मागणे मागतो. या सभागृहात बसलेल्या बहुतेकांना अशा अहवालांवर सही करण्याचा अधिकार आहे. सोमवारी टेबलावर येणाऱ्या पहिल्या अहवालात ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ असे लिहिलेले दिसले, तर सही करू नका. ज्याने लिहिले त्याला घेऊन त्या मशीनपाशी जा आणि तिथल्या माणसाला विचारा. तुमच्या साहेबांनी अहवाल का अडला म्हणून विचारले, तर परिषदेच्या अध्यक्षांनी सांगितले आहे म्हणून माझे नाव सांगा.