खाजेची लाज नको, उपचार हवा



खाज हा व्यासपीठावरून बोलण्याचा विषय नव्हे, असे काहींना वाटेल. पण आरोग्य तपासणीसाठी आम्ही वसतिगृहांत जातो तेव्हा मुले सर्दी-खोकला सांगतात आणि खाज लपवितात. खरूज म्हटली की शेजारचा मुलगा अंथरूण दूर ओढील, ही भीती त्यांना असते. म्हणूनच आज हा विषय घेतला आहे.

खरूज हा अस्वच्छ माणसाचाच रोग आहे, हा गैरसमज आहे. अर्ध्या मिलिमीटरहून लहान किडा कातडीत शिरून अंडी घालतो. एका अंथरुणात झोपल्याने, बराच वेळ अंगाला अंग लागल्याने तो पसरतो. रोज आंघोळ करणाऱ्यालाही खरूज होते. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती व जांघेत बारीक पुटकुळ्या आणि घरात आणखी कोणाला तरी तीच तक्रार, या तिच्या खुणा. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागू शकतात. तोवर रोग दुसऱ्याकडे गेलेला असतो.

म्हणून घरातील किंवा खोलीतील सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच दिवशी औषध लावावे. डॉक्टर बहुधा ५ टक्के परमेथ्रिन मलम देतात. ते रात्री मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा लावून सकाळी धुवावे व ७ ते १४ दिवसांनी पुन्हा लावावे. तान्ही बाळे व गरोदर स्त्रिया यांच्याबाबत आधी डॉक्टरांना विचारावे. कपडे, चादरी गरम पाण्यात धुवाव्यात. जे धुता येत नाही ते निदान ३ दिवस पिशवीत बांधून ठेवावे. उपचारानंतरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते, घाबरू नये. मात्र खाजवून जखमा पिकल्या तर दुर्लक्ष करू नये. त्यातून क्वचित मूत्रपिंडाला सूज येते.

गजकर्ण किंवा नायटा बुरशीमुळे होतो. गोल चट्टा, लाल उंच कडा, मध्ये त्वचा निवळलेली. येथे सर्वांत मोठी चूक दुकानातून स्वतःच आणलेल्या मलमाची होते. त्यात स्टिरॉइड असले की दोन दिवसांत खाज थांबते, पण बुरशी आत पसरत राहते आणि पुढे साधे औषध लागू पडत नाही. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली. तरीही ती सहज मिळतात, म्हणून सावध आपणच राहिले पाहिजे. ओले, घट्ट कपडे टाळावेत, टॉवेल वेगळा ठेवावा आणि सांगितलेली मुदत पुरी करावी.

इसब मात्र संसर्गाने होत नाही. कोरडी त्वचा, तीव्र साबण, सिमेंट यांनी ते चिघळते. आंघोळीनंतर लगेच खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावल्याने आराम पडतो.

शेवटी एक सूचना. ज्या चट्ट्याला खाज नाही, पण स्पर्शही कळत नाही, तो कुष्ठरोगाचा असू शकतो. तो लगेच दाखवावा. सरकारी दवाखान्यात त्याचे औषध मोफत मिळते व रोग पूर्ण बरा होतो.

विद्यार्थी मित्रांनो, खोलीतल्या सोबत्याला खाज असेल तर त्याच्यापासून दूर सरकू नका. त्याला घेऊन दवाखान्यात जा आणि स्वतःही औषध लावा. एवढे केलेत तर आमचे बोलणे सार्थकी लागले, असे आम्ही समजू.